पंधरा मिनिटांचा पाऊस

पारनेर तालुका म्हटले की टँकर, चारा छावण्या आणि राळेगणसिद्धीचे पाणलोट एवढेच डोळ्यांपुढे येते. १९७२ चा दुष्काळ इथल्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात अजून कालपरवाचा असतो. २०१२, २०१५ आणि २०१८ ची साले तरुणांनाही पाठ आहेत. वर्षाकाठी जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. याच नगर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यातल्या घाटघर-रतनवाडीत, चार-पाच हजार मिलिमीटर कोसळतात आणि सह्याद्री ओलांडून आलेले ढग पारनेरच्या पठारावर रिकामे होऊन पोचतात. अशा तालुक्यातल्या सुप्यात बसून अतिवृष्टीचा विषय काढला तर ऐकणारा हसेल.

तरी तो काढायला हवा. शिरूरचा घोड नदीवरचा पूल ओलांडून नगरकडे निघाले की नारायणगव्हाणनंतर सुपा लागते. जवळच्या डोंगरावरच्या पवनचक्क्या लांबून दिसतात आणि खालच्या माळावर औद्योगिक वसाहतीची पत्र्याची छपरे. जुनी एमआयडीसी, तिची नवी वाढ, चौपदरी पुणे-नगर रस्ता, हॉटेले, गोदामे, कामगारांच्या खोल्या, एनए प्लॉट. ज्या माळावर पाऊस मुरमात जिरायचा, किंवा बांधाबांधाने अडत सावकाश ओघळीला लागायचा, तिथे आज काँक्रीट आहे. इथले पाणी हंगा नदीने विसापूरच्या तलावाकडे आणि पुढे घोड-भीमेकडे जाते. पण तिथवर पोचण्याआधी ते कोणाच्या तरी दारातून, कोणत्या तरी मोरीखालून जाणार असते. त्या मोरीत किती पाणी धरायचे?

प्रश्न साधा दिसतो. त्याच्यावर गेली शंभर वर्षे गणिती, हवामानशास्त्रज्ञ आणि अभियंते भांडत आहेत. त्या भांडणातला कोणता भाग सुप्यासारख्या अर्धवट शहर झालेल्या गावाच्या कामाचा आणि कोणता नाही, हे पाहणे हा या लेखाचा हेतू.

अभियंत्याच्या हातात असलेले सूत्र फार जुने आहे. आयर्लंडमध्ये मल्व्हनी यांनी १८५१ साली त्याची कल्पना मांडली, अमेरिकेत कुइचलिंग यांनी १८८९ साली ते शहराच्या गटारांना लावले, आणि आपल्याकडची बहुतेक पावसाळी गटारे आजही त्यावरच आखली जातात. पाणलोटाचे क्षेत्र, पावसाची तीव्रता आणि पडलेल्या पाण्यापैकी किती हिस्सा वाहून जाईल तो गुणांक, या तिघांचा गुणाकार म्हणजे नाल्यातला प्रवाह. क्षेत्र नकाशावरून मिळते. गुणांक जमीन पाहून ठरतो. तीव्रतेचे काय? ती दोन गोष्टींवर अवलंबून असते. पाणलोटाच्या सर्वांत लांबच्या टोकावर पडलेले पाणी मोरीच्या तोंडाशी यायला किती वेळ लागतो, ही पहिली. लहान ओढ्याला पंधरा मिनिटे, मोठ्याला तास-दीड तास. किती वर्षांतून एकदा मोरी तुंबलेली चालेल, म्हणजे पुनरावृत्ती काळ, ही दुसरी.

या दुसऱ्या गोष्टीबद्दलचा गैरसमज फार जुना आणि फार चिवट आहे. २५ वर्षांतून एकदा येणारा पाऊस यंदा येऊन गेला म्हणजे आता २५ वर्षे निर्धास्त, असे सभांतून सर्रास ऐकू येते. प्रत्यक्षात त्याचा अर्थ दर वर्षी ४ टक्के शक्यता, एवढाच. ३० वर्षे उभ्या राहणाऱ्या गोदामाला असा पाऊस निदान एकदा गाठण्याची शक्यता ७१ टक्के असते. शंभर वर्षांतून एकदाचा म्हटलेला पाऊसही त्याच ३० वर्षांत गाठण्याची शक्यता २६ टक्के, म्हणजे चारात एक. घर घेणाऱ्याला हे आकडे कोणी सांगत नाही.

आता दुर्मीळ पावसाचा आकडा काढायचा कसा? ३०-४० वर्षांच्या नोंदी हाताशी आणि शंभर वर्षांतून एकदाचा पाऊस हवा, हीच अडचण. सरासरीचे शास्त्र इथे उपयोगी पडत नाही; सर्वांत मोठ्या मूल्यांचे वेगळे शास्त्र लागते. त्याचा पाया १९२७ साली फ्रेंच गणिती फ्रेशे यांनी आणि १९२८ साली फिशर व टिपेट यांनी घातला. टिपेट हे ब्रिटनमधल्या सूत उद्योगाच्या संशोधन संस्थेत होते. धागा तुटतो तो त्यातल्या सर्वांत कमकुवत तंतूपाशी, म्हणून टोकाच्या मूल्यांकडे त्यांचे लक्ष गेले. १९४३ साली रशियन गणिती ग्नेदेंको यांनी ती मांडणी पक्की केली. महापुरांच्या आणि पावसाच्या कामात तिला रुळवणारे गृहस्थ म्हणजे एमिल गुंबेल. जर्मनीतले हे गणिती उघड शांततावादी असल्याने हायडेलबर्ग विद्यापीठातून काढले गेले, आधी फ्रान्सला आणि नंतर अमेरिकेला गेले, आणि १९५८ साली त्यांचे टोकाच्या मूल्यांवरचे पुस्तक आले. आपल्याकडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत त्यांचे नाव एका सूत्रापुरते उरले आहे.

फिशर-टिपेट यांनी दाखवले ते असे, की दर वर्षीचा सर्वांत मोठा पाऊस घेत गेलो तर त्या आकड्यांची मांडणी तीनच घराण्यांपैकी एकात बसते. एकाला वरची मर्यादा असते, एकाची शेपटी झपाट्याने बारीक होत जाते, तिसऱ्याची शेपटी जाड राहते. जेन्किन्सन यांनी १९५५ साली तिन्ही एका सूत्रात आणली. मधले घराणे गुंबेल यांचे, तिसरे फ्रेशे यांचे. पावसाचे घराणे कोणते, यावर आजही वाद आहे. ग्रीक जलशास्त्रज्ञ कूत्सोयानिस यांनी २००४ पासून सांगायला सुरुवात केली की गुंबेलचे सूत्र मोठ्या पावसाला कमी लेखते. २०१३ साली त्यांनी आणि पापालेक्सिओ यांनी जगभरच्या पंधरा हजारांहून अधिक केंद्रांच्या नोंदी तपासून फ्रेशेच्या बाजूने कौल दिला.

हा वाद सुप्याला किती लागतो, ते आकडेमोड करूनच पाहावे. एक काल्पनिक केंद्र घेऊ. तिथे वर्षातल्या सर्वांत मोठ्या एका दिवसाच्या पावसाची सरासरी ७० मि.मी. आणि प्रमाणित विचलन ३० मि.मी. आहे असे धरू. गुंबेलच्या सूत्राने ५ वर्षांतून एकदाचा पाऊस येतो ९२ मि.मी., २५ वर्षांचा १३१, शंभर वर्षांचा १६४ आणि हजार वर्षांचा २१८. आता तीच सरासरी, तेच विचलन ठेवून जाड शेपटीचे सूत्र लावू; तिचा आकार ठरवणारा आकडा ०.१५ घेऊ. उत्तरे येतात ८७, १३१, १७८ आणि २७८.

२५ वर्षांच्या ठिकाणी दोन्ही सूत्रे एकाच आकड्यावर येतात. ५ वर्षांच्या गटाराला कोणतेही सूत्र लावा, फरक पाच मिलिमीटरचा. शंभर वर्षांच्या पुलाला फरक जाणवू लागतो. हजार वर्षांच्या हिशेबाने बांधायच्या धरणाच्या सांडव्याला मात्र तो ६० मि.मी.चा होतो, म्हणजे तिथे हा वाद जीवन-मरणाचा. गल्लीच्या गटारासाठी सूत्र कोणते वापरले यावर पाने खर्चणारे अहवाल मी जेव्हा पाहतो, तेव्हा वाटते, ते लिहिणाऱ्याने आपली मेहनत चुकीच्या जागी घातली आहे.

कारण खरा गोंधळ दुसरीकडे आहे. वरचा १३१ चा आकडा ३० वर्षांच्या नोंदींवरून काढला असेल तर केवळ नोंदी थोड्या असल्याने त्यात साधारण १५ मि.मी.ची प्रमाणित चूक असते. म्हणजे खरा आकडा १०१ ते १६१ यांत कुठेही असू शकतो. शंभर वर्षांच्या आकड्याची हीच व्याप्ती आणखी रुंद. तरी आराखड्यावर आकडा छापला जातो तो एकच, तोही कधी दशांश चिन्हासह.

दुष्काळी भागात हा गोंधळ आणखी वाढतो. दर वर्षीचा सर्वांत मोठा पाऊस घ्यायचा तर दुष्काळी वर्षाचाही घ्यावा लागतो. अशा वर्षी तो २०-२५ मि.मी. असेल, म्हणजे साधा पाऊस. टोकाच्या मूल्यांच्या यादीत त्याला बसवणे म्हणजे नापास मुलाला गुणवत्ता यादीत घालणे. उलट चांगल्या वर्षी मोठे पाऊस तीन-चार झाले तरी त्यांतला एकच मोजला जातो. याला उपाय आहे. एक उंबरठा ठरवायचा, समजा ५० मि.मी., आणि तो ओलांडणारा प्रत्येक पाऊस घ्यायचा, वर्ष कोणतेही असो. १९७५ साली पिकंड्स यांनी याचे गणित दिले. पर्जन्यछायेतल्या तालुक्यांसाठी मला हीच पद्धत योग्य वाटते. आपल्या सरकारी कामांत ती अजून फारशी दिसत नाही.

दुसरी गुंतागुंत पावसाच्या जातीची. नगर-सोलापूरकडे पावसाचा जोर जुलैत नसतो, सप्टेंबरात असतो. जून-जुलैचा पाऊस भुरभुर, ढगाळ, वाऱ्याचा. मोठे पाणी येते ते एक तर बंगालच्या उपसागरावरून कमी दाबाचे क्षेत्र आत सरकले की, दिवसभराच्या संततधारेने. नाही तर मे महिन्याचा वळीव आणि परतीचा पाऊस, संध्याकाळी गडगडाटासह, तास-दोन तासांत सगळे ओतून मोकळा होणारा. या दोन वेगळ्या जाती आहेत. एकाच यादीत मिसळल्या तर सूत्र कोणतेही लावा, कोणत्याच जातीला ते नीट बसत नाही. मोरी तुंबवणारा पाऊस दुसऱ्या जातीचा.

आणि नेमका तोच आपल्याकडे मोजलेला नाही. साधा पर्जन्यमापक दिवसातून एकदा, सकाळी साडेआठला वाचतात. तहसिलातल्या जुन्या नोंदी अशा चोवीस तासांच्या बेरजा आहेत. शासनाचे अतिवृष्टीचे मापही त्याच बेरजेवर: मंडळात २४ तासांत ६५ मि.मी.हून अधिक पडला की पंचनाम्याचा मार्ग मोकळा. शेतातल्या पिकासाठी हे माप ठीक असेल. पण रात्रभर रिपरिप पडलेले ६५ आणि पाऊण तासात कोसळलेले ६५ कागदावर सारखेच दिसतात, आणि गटाराला त्यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

मग दिवसाच्या आकड्यातून पंधरा मिनिटांचा आकडा काढायची पळवाट शोधली जाते. आपल्याकडे तिचे सर्वांत प्रचलित रूप म्हणजे हवामान खात्याच्या नावाने ओळखला जाणारा एक-तृतीयांश घाताचा नियम. २४ तासांचा पाऊस घ्या, हव्या त्या कालावधीला २४ ने भागा, त्याचे घनमूळ काढा आणि गुणा. १०० मि.मी.च्या दिवसाला हा नियम तासाभरात ३५ मि.मी. देतो आणि पंधरा मिनिटांत २२ मि.मी., म्हणजे ताशी ८७ मि.मी. तीव्रता. मुंबईपासून चंद्रपूरपर्यंत सगळीकडे हाच घात, जणू दापोलीची झड आणि सुप्याचा वळीव एकाच साच्यातून निघतात. परतीच्या पावसाच्या रात्री सुप्यात १०० मि.मी. पडला तर त्यातले ६० एका तासात पडणे अजिबात अवघड नाही. नियम म्हणतो ३५. कमी लेखण्याची ही चूक गुंबेल-फ्रेशे वादापेक्षा कितीतरी मोठी आहे, आणि तिच्यावर शोधनिबंध त्या मानाने कमी.

याच जोडीला आणखी एक रूढ दुरुस्ती असते. साडेआठची रेघ पावसाच्या मधोमध आली तर एकच पाऊस दोन दिवसांत विभागला जातो, म्हणून दिवसाचा कमाल आकडा सुमारे १३ टक्क्यांनी वाढवतात. हे प्रमाण अमेरिकेतल्या हर्शफील्ड यांच्या कामातून आले. कोकणातल्या अखंड पावसाला ते लागू असेल. दख्खनच्या पठारावर गडगडाटी पाऊस बहुधा दुपारनंतर ते मध्यरात्रीपर्यंत पडतो, सकाळी साडेआठला तो क्वचितच चालू असतो. म्हणून इथे या दुरुस्तीची गरज कमी असावी असे मला वाटते. नियम आयात करताना पाऊस कोणत्या वेळी पडतो, एवढे तरी पाहावे.

मिनिटांच्या पावसाचे जुने कोष्टक अगदी नाहीच असे नाही. डेहराडूनच्या मृद् व जलसंधारण संशोधन संस्थेत राम बाबू आणि सहकाऱ्यांनी १९७९ साली देशभरच्या स्वयंलेखी पर्जन्यमापकांच्या कागदी आलेखांवरून तीव्रता, कालावधी आणि पुनरावृत्तीची समीकरणे बसवली. ती आजही वापरात आहेत. शहरांसाठी नव्या पद्धतीही आल्या: दिवसाच्या पावसाचे संगणकावर यादृच्छिक तुकडे पाडणाऱ्या, किंवा १९८७ साली रॉड्रिग्ज-इतुर्बे, कॉक्स आणि आयशम यांनी मांडल्याप्रमाणे ढगांचे पुंजके आणि त्यांतल्या सरी यांची नक्कल करणाऱ्या. देखण्या आहेत. पण त्यांनाही सुरुवातीला जवळपासच्या मिनिटांच्या नोंदी लागतातच.

नोंदींचे मोल महाराष्ट्राला शिकवले ते २६ जुलै २००५ ने. त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मि.मी. पडला आणि कुलाब्यात अवघा ७३. एकाच शहरातले, पंचवीस-एक किलोमीटर अंतरावरचे दोन मापक. त्या दोन मापकांवरच मुंबईचे सगळे गणित उभे होते. जुनी गटारे तासाला २५ मि.मी. पावसाच्या हिशेबाची, तीही ओहोटी असेल तर. १९८५ च्या पुरानंतर नेमलेल्या अभ्यासातून १९९३ साली ब्रिमस्टोवॅडचा, म्हणजे बृहन्मुंबईच्या पावसाळी गटार योजनेचा, अहवाल आला आणि त्याने ही क्षमता ५० वर नेण्याची शिफारस केली. ती बारा वर्षे बरीचशी कागदावरच राहिली होती. २००५ च्या पुरानंतर माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती बसली. महापालिकेने शहरभर, बरेचसे अग्निशमन केंद्रांच्या छपरांवर, स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले. दर पंधरा मिनिटांचा आकडा मिळू लागला. आयआयटी मुंबईतल्या कपिल गुप्ता यांच्यासारख्या अभ्यासकांचा त्यामागे पाठपुरावा होता. ब्रिमस्टोवॅडच्या पंपिंग स्टेशनांवर खर्च झालेल्या पैशांशी तुलना केली तर हे मापक फुकटात पडले म्हणायला हरकत नाही. ९४४ चा आकडा यादीत घेतला तर शंभर वर्षांचा पाऊस एक येतो, वगळला तर दुसराच, हा पेच मात्र अजून सुटलेला नाही. घेऊ नये म्हणणाऱ्यांना मी एकच विचारीन: तो पडला नव्हता काय?

मुंबईचे दाखले सुप्याला लागू पडत नाहीत असे कोणी म्हणेल, तर पुणे आणि नागपूर आहेतच. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या डोंगरावरून निघणारा आंबिल ओढा पुण्याच्या वस्त्यांत शिरला. शहर आणि परिसरात वीसहून अधिक माणसे गेली. शिवाजीनगरच्या वेधशाळेतल्या मापकाने कात्रजच्या उतारावर काय पडले ते कळत नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मि.मी.हून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव सांडव्यावरून वाहिला आणि नाग नदीकाठच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या. दोन्ही ठिकाणी सप्टेंबर. दोन्ही ठिकाणी मोठी नदी निर्दोष; दोषी ठरले ते ओढे-नाले आणि त्यांच्या पात्रातली बांधकामे. सुप्याची जातकुळी हीच.

हवामानबदलाने या सगळ्याचा पाया हलवला आहे, असे म्हणतात. टोकाच्या मूल्यांचे गणित गृहीत धरते की कालचा पाऊस आणि उद्याचा पाऊस एकाच पेटीतले. २००८ साली मिली आणि सहकाऱ्यांनी हे गृहीतक मेले असे जाहीर केले. कूत्सोयानिस आणि मोन्तानारी यांनी उलट उत्तर दिले, की ते अमर आहे. त्यांच्या मते, बदलाचे सूत्र नक्की माहीत नसताना घाईने नवे गृहीतक आणणे अधिक धोक्याचे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या बी. एन. गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी २००६ साली मध्य भारतातल्या १९५१ ते २००० च्या नोंदींवरून दाखवले की मुसळधार दिवस वाढले आणि मध्यम पावसाचे घटले. त्यांनी आखलेल्या चौकोनाची पश्चिम कड ७४.५ अंश रेखांशावर आहे. सुपा त्या कडेलाच येते. त्याच संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली विस्तृत अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचे मांडले. हवा एका अंशाने तापली की तिची बाष्प धरण्याची ताकद सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, हे तर भौतिकशास्त्रच.

अभियंत्याने काय करावे? ब्रिटनसारख्या देशांत काढलेल्या आकड्यावर हवामानबदलाचे ठरावीक टक्के चढवतात. आपल्या उदाहरणातल्या १३१ वर १५ टक्के चढवले तर वीस मि.मी. वाढतात. नोंदी थोड्या असल्याची चूक दोन्ही बाजूंना तीस होती. म्हणजे हवामानबदल त्या धुक्यात हरवतो. फरक इतकाच की धुके कोणत्याही दिशेला चुकवू शकते आणि तापमानवाढ एकाच दिशेला ढकलते. चढवावेत ते टक्के, पण तेवढ्याने काम झाले असे मानू नये.

कारण सुप्यात आभाळापेक्षा जमीन वेगाने बदलते आहे. दहा हेक्टरचा, बांधबंदिस्ती केलेला माळ घ्या. १०० मि.मी.चा दिवस. पाणी तोंडाशी यायला तास लागतो, म्हणून एक-तृतीयांशच्या नियमानेच ताशी ३५ मि.मी.; गुणांक ०.३. प्रवाह सेकंदाला सुमारे ०.२९ घनमीटर. त्याच दहा हेक्टरांवर शेड, काँक्रीटचे आवार आणि सरळ गटार आले. गुणांक ०.९ झाला, पाणी पंधरा मिनिटांत तोंडाशी येऊ लागले, म्हणून तीव्रता ८७ वर गेली. प्रवाह २.१८ घनमीटर. साडेसात पट, आणि पावसाचा एक थेंबही वाढलेला नाही. कोणत्याही सूत्राचा, कोणत्याही हवामानबदलाचा परिणाम याच्या जवळपास येत नाही. लेआउटवर सही करणारा माणूस नकळत सगळ्या संख्याशास्त्रज्ञांवर मात करून जातो.

वरच्या अंगाला पाझर तलाव, नालाबांध, सलग समतल चर आहेत, ते पाणी धरतीलच की, असे पारनेरमध्ये कोणीही म्हणेल. ५० मि.मी.च्या पावसाला धरतात. आधीच्या आठवड्यात भरलेले असताना वरून दीडशे आला तर ते पाणी पुढे सोडतात, आणि मातीचा एखादा बांध फुटला तर अडवलेले सगळे एकदम सोडतात. सप्टेंबरात ते भरलेलेच असतात. निजामशाहीने नगर शहरात खापरी नळांनी लांबून पाणी आणले, त्याचे कौतुक आपण पाचशे वर्षे करतो. या जिल्ह्यात पाणी बाहेर काढून देणाऱ्याचे नाव कुणाला आठवत नाही.

नियम काय सांगतात? १९९३ च्या केंद्रीय पुस्तिकेने वर्षातून दोनदा गटार तुंबले तरी चालेल, अशी मुभा शहराच्या कडेच्या वस्त्यांना दिली होती. व्यापारी भागाला दोन वर्षांतून एकदा. २०१९ च्या पावसाळी गटारांच्या नव्या पुस्तिकेने महानगरांच्या मध्यभागासाठी ते पाच वर्षांवर नेले. पुलांना याहून मोठे, ५० ते १०० वर्षांचे माप. केंद्रीय जल आयोगाचे विभागवार पूर-अंदाज अहवालही आहेत. पारनेर तालुक्याच्या पाणीढाळेवर त्यांतले दोन विभाग भेटतात, उत्तरेचे पाणी मुळेकडून गोदावरीत जाते, दक्षिणेचे भीमेत. पण ते अहवाल २५ चौरस किलोमीटरहून मोठ्या पाणलोटांसाठी आहेत, सुप्यातले ओढे त्यांच्या जाळीतून निसटतात. ग्रामपंचायतीची गटारे, एमआयडीसीचे नाले, महामार्गाच्या मोऱ्या, जलसंधारणाचे बंधारे: एकाच ओढ्यावर चार मालक आणि चार पुनरावृत्ती काळ. वरच्याने मोठे गटार बांधले की खालच्याची मोरी आपोआप लहान होते.

तरीही हातात काहीच नाही असे नाही. २०१७ पासून महावेध प्रकल्पातून राज्यातल्या महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली, सुपा मंडळ त्यांत आले. ती दिवसाच्या आतली नोंद ठेवतात. एका केंद्राची ही थोडी वर्षे २५ वर्षांचा आकडा द्यायला अपुरीच. पण शेजाऱ्यांच्या नोंदी एकत्र करण्याचे शास्त्र हॉस्किंग आणि वॉलिस यांनी १९९० च्या दशकात पक्के करून दिले आहे: ज्या केंद्रांच्या पावसाचा स्वभाव एक, त्यांचे आकडे आपापल्या सरासरीने भागून एका यादीत टाकायचे. पारनेर, शिरूर, श्रीगोंदा, नगर, कर्जत या तालुक्यांची मंडळे अशी जोडता येतील. अकोल्याचे घाटघर त्यात येणार नाही, जिल्हा एक असला तरी. एकाच ढगाने तीन मंडळांत पाऊस पाडला तर ती तीन स्वतंत्र उदाहरणे धरता येत नाहीत, म्हणून फायदा दिसतो त्याहून थोडा कमी. तरी ५ आणि १० वर्षांच्या एका तासाच्या पावसाचा विश्वासार्ह आकडा यातून निघू शकतो, आणि गल्लीच्या गटाराला तेवढाच लागतो. या केंद्रांतले टिपिंग बकेटचे, म्हणजे भरली की कलंडणाऱ्या वाटीचे, मापक अतिजोराच्या सरीत थोडे कमी मोजते, तेवढी दुरुस्ती करायची. शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या छपरावर पाच मिनिटांची नोंद ठेवणारे दोन-तीन मापक आणखी बसवले, तर दहा वर्षांनी एक-तृतीयांशच्या नियमाची सुप्यापुरती गरज उरणार नाही.

मोठ्या पावसासाठी गटार मोठे करत जाणे परवडणारे नाही. २५ किंवा शंभर वर्षांचे पाणी वाहायचे ते रस्त्यावरून आणि ओढ्याच्या मोकळ्या पात्रातून, गटारातून नव्हे. म्हणून सुप्याच्या विकास आराखड्यात ओढ्याच्या दोन्ही काठांना दोन रेघा आखाव्यात. उदाहरणातलेच आकडे घ्यायचे तर एक १३१ मि.मी.च्या पाण्याची, दुसरी नोंदींच्या चुकीचे वरचे टोक धरून १६१ च्या. आतल्या रेघेच्या आत काहीही नको. दोन्हींमधल्या पट्ट्यात बाजार भरवता येईल, ट्रकतळ करता येईल, खेळाचे मैदान चालेल. शाळा, दवाखाना, विजेचे उपकेंद्र आणि रसायने ठेवणारी गोदामे मात्र बाहेरच्या रेघेच्या पलीकडे.